हाळकरणीला तोंड नाही

भोर
रविवार, १४ जुलै २००२

प्रिय भाई,

सलाम. तुझा पत्ता अखेर 'कवडसा'च्या सातव्या अंकाच्या शेवटच्या पानावर मिळाला. तो प्रकाशकाचा आहे, तुझ्या घराचा नाही, हे मला कळतं. तरी पाकिटावर 'फैजान नजीर, चित्रकार' असं लिहिलं की कुणीतरी ते तुझ्या टेबलावर टाकेल, असं धरून चालते.

आधी घरचं. अम्मीची शुगर वाढली आहे, पण चहातली साखर ती सोडत नाही. अब्बा अजून डोंगरातल्या वाड्यांवर बकऱ्या घ्यायला जातात, मात्र आता पायी कमी आणि टेम्पोने जास्त. मी बी.ए. झाले. निकालाच्या दिवशी अम्मीने गल्लीत पेढे वाटले आणि प्रत्येक घरात 'आमच्यात पहिलीच' असं सांगितलं. एका घरात विचारलं, "आणि मुलगा?" अम्मी म्हणाली, "मुंबईला असतो." त्यापुढे कुणी काही विचारलं नाही.

गेल्या वर्षापासून मी वेल्ह्याच्या डोंगरात पांढरमाळच्या वस्तीशाळेवर शिकवते. हो, भागूबाईंचाच पांढरमाळ. सोमवारी सकाळच्या एसटीने जाते, शनिवारी परत येते आणि मधले दिवस भागूबाईंच्याच घरी राहते. मुलं गोड आहेत. मोठ्यांशी बोलायला पाऊस आणि गुरं हे दोनच विषय. ते संपले की मी कंदील पुढे ओढून वाचत बसते.

वाचते ते कामाचं असतं. पुण्याच्या एका पाक्षिकात 'नवे भय, नवे रहस्य' हे सदर मी लिहिते. सुरुवात भांडणाने झाली. त्यांच्या एका परीक्षणात रहस्यकादंबरीतल्या खुन्याचं नावच सांगून टाकलं होतं. मी संपादकांना लांबलचक पत्र लिहिलं, की वाचकाकडून त्याचा शेवट काढून घेणं ही चोरी आहे. संपादक आनंदरावांनी उलट टपाली एका ओळीत कळवलं, 'मग तुम्हीच लिहा.' तेव्हापासून भुताच्या कादंबऱ्या, कॉमिक्स, कधी पुण्याला जाऊन पाहिलेला सिनेमा, जे नवं येईल त्यावर लिहिते. शेवट सांगायचा नाही आणि भीती कशापासून बनवली आहे ते शोधायचं, एवढंच मी पाळते. मागच्या महिन्यात 'बंद शटर' नावाच्या कादंबरीवर लिहिलं, 'खुनी कोण हे सांगणार नाही. पण या लेखकाच्या पुस्तकात भांडी घासणारी बाई दिसली की वाचकाने पुढे वाचायचे कष्ट घेऊ नयेत.' आनंदरावांना ते आवडलं म्हणे. मी ते कंदिलाशी बसून एकदा मोठ्याने वाचलं. सोबत हसायला कुणी नव्हतं.

आणि मग त्यांनी पाठवलेल्या कॉमिक्सच्या गठ्ठ्यात 'कवडसा'चा सातवा अंक निघाला. नाव वाचायच्या आधी मी तुला ओळखलं, ते बकऱ्यांच्या गुडघ्यांवरून. बकरीचा मागचा पाय कुठे वळतो हे मुंबईच्या चित्रकारांना ठाऊक नसतं. मग नाव पाहिलं, 'कथा आणि चित्रं: फैजान नजीर'. तू अब्बांचं नाव लावलंस, भाई. 'अंगाला बकऱ्यांचा वास घेऊन मी जगणार नाही' असं म्हणून घराबाहेर पडलास, आणि नाव मात्र त्यांचं लावलंस.

मी ते पान अब्बांपुढे धरलं. त्यांनी अक्षरांवर बोट फिरवत ते लावलं. दुसऱ्या दिवशी स्टँडवरच्या पेपरवाल्याकडे होते नव्हते तेवढे सगळे अंक घेऊन आले. अम्मी म्हणाली, "एवढ्याचं काय करणार?"

"असू दे," म्हणाले.

अंकाबद्दल मला काही बोलायचं आहे. पण आधी तुझं पत्र येऊ दे.

तुझी,
हीना


पांढरमाळ
शुक्रवार, २६ जुलै

प्रिय भाई,

पत्र आलं नाही. पावसात टपाल उशिरा पोचतं, म्हणून थांबले होते. आता थांबता येत नाही.

अब्बांनी त्या अंकांचं काय केलं ते इथे आल्यावर कळलं. ज्या ज्या वाडीवर ते बकरी घेतात तिथे घरटी एक अंक देत आले आहेत. भागूबाईंच्या मुलाने, गेनूने, मला सगळं साभिनय सांगितलं.

"चाचा म्हणलं, ह्ये घे, आमच्या पोरानं काढलंय. म्या म्हणलं, कशाचं हाय? तर म्हणलं, आपल्या डोंगराचं. आन ही बघ, आपली भागूबाई."

अब्बांनी चित्रं पाहिली होती, गोष्ट नाही. त्यांना नावं लावता येतात, फुग्यांतलं बारीक लिहिलेलं नाही वाचता येत.

तुझी गोष्ट तुलाच सांगणं वेडेपणाचं आहे, पण परीक्षण लिहिताना मी हेच करते, गोष्ट मला कशी दिसली ते मांडते. मुंबईच्या थिएटरात प्रोजेक्टर दुरुस्त करणारा एक साधा माणूस. उजेडाचा झोत अंगावरून गेला की त्याचा कवडसा होतो. तो दाराच्या फटीतून आत शिरतो, गुंडांचे डोळे दिपवतो, माणसं सोडवतो. पहिले सहा अंक मी मागवून वाचले. शक्ती कुठून आली यापेक्षा ती कुठे संपते हे सांगणारा अतिमानव मला आवडतो, आणि तुझ्या कवडशाचं धुक्यात काही चालत नाही. म्हणून सातव्या अंकात तू त्याला धुक्याच्या डोंगरात आणलंस. तिथे हाळकरीण आहे. अंगावर घोंगडीची खोळ घेतलेली बाई. संध्याकाळी ती कातळावर उभी राहते, डावा हात कानावर ठेवते आणि हाळी देते. जो 'ओ' देईल त्याचा धूर होऊन तो धुक्यात मिसळतो. खोळीच्या आत तिला तोंड नाही, नुसता काळा रंग आहे. आणि कवडसा मुलांना बजावतो, 'हाळीला ओ देऊ नका.'

इथली पद्धत तू विसरला नसशील. धुकं उतरलं की भागूबाई कातळावर जातात, डावा हात कानावर ठेवून हाळी देतात. शेळ्यांमागे गेलेली पोरं असतील तिथून ओ देतात. आवाजावरून भागूबाईंना पोर कळतं आणि पोराला घर कळतं. सगळ्यांची ओ आल्याशिवाय त्या कातळावरून हलत नाहीत. तू लहानपणी अब्बांच्या मागे इथे आला होतास, करडामागे धावत धुक्यात हरवलास, तेव्हा घसा बसेपर्यंत त्याच हाळी देत होत्या. अब्बा ती गोष्ट अजून सांगतात. फक्त 'फैजान' म्हणत नाहीत, 'पोरगं' म्हणतात.

आता पोरांनी ओ देणं बंद केलं आहे.

मी वर्गात सांगितलं, हे सगळं रचलेलं असतं. गेनूची प्रांजल तिसरीत आहे, फार चौकस. ती उभी राहिली.

"बाई, मंग नजीरचाचा खोटं सांगत्यात व्हय?"

"ते खोटं सांगत नाहीत. त्यांना फक्त चित्र ओळखू आलं."

"मंग आजीच हाय की ती."

मी फळा पुसायला वळले.

भागूबाईंनीही अंक पाहिला. मांडीवर घेऊन बराच वेळ पाहत होत्या. म्हणाल्या, "घोंगडी बरुबर काढलीया. ह्यो फाटका कोपरा बी हाय." मग त्या काळ्या रंगावर बोट ठेवलं. "आन त्वांड? त्वांड इसरला का माझं?"

मी म्हटलं, "छापताना शाई जास्त लागली असेल."

रोज संध्याकाळी त्या आता अंधार पडेपर्यंत ओरडत असतात. पोरं गुपचूप, एकमेकांचे हात धरून, चाचपडत घरी येतात. तू या पोरांना एक पत्र लिही. एकच ओळ पुरे, की हाळकरीण म्हणजे भागूबाई नव्हे. माझं ऐकत नाहीत, चित्र काढणाऱ्याचं ऐकतील.

हीना


पांढरमाळ
गुरुवार, ८ ऑगस्ट

भाई,

भागूबाई पडल्या.

मंगळवारी संध्याकाळी प्रांजल शेळ्या घेऊन खालच्या अंगाला होती. ओ देत नव्हती. भागूबाई हाळी देऊन देऊन थकल्या आणि तिला शोधायला स्वतःच उतरल्या. प्रांजल दुसऱ्या वाटेने घरी आली. मग खालून हाळी येऊ लागली. आम्ही सगळ्यांनी ती ऐकली. गेनूची बायको सखूबाई भाकऱ्या थापत होती, मी पोरांच्या वह्या तपासत होते.

सखूबाई म्हणाली, "आत्याचं अजून चाललंच हाय."

रोज तसंच चालायचं, म्हणून कुणी उठलं नाही. प्रांजल चुलीपाशी दोन्ही कानांत बोटं घालून बसली होती.

गेनू डेअरीला दूध घालून वर आला. दारातच थांबला. "हाळी खालनं का येतीया?"

मग सगळी वस्ती धावली. ओढ्याकडच्या घसरडीवर त्या पडल्या होत्या, पाय दुमडलेला. आम्ही जवळ गेलो तरी कानावरचा हात काढला नव्हता. म्हणाल्या, "कवाधरनं वरडतीया. यकानं बी ओ दिली न्हाई." त्या रागाने म्हणाल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांना खरंच कळत नव्हतं.

बाजेवर घालून रस्त्यापर्यंत नेलं, तिथून टेम्पोने भोरला. मांडीचं हाड मोडलं आहे. प्लास्टर घातलं आहे, काही दिवसांनी घरी सोडतील.

मला वाटलं होतं, एवढं झाल्यावर तरी पोरांची समजूत पटेल. उलट झालं आहे. प्रांजल काल माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "बाई, ती आजी नव्हती. आजीच्या आवाजात ती वरडत हुती."

वाचकाला घाबरवण्यात तुला पूर्ण यश आलं आहे. परीक्षणात हे वाक्य मी कौतुक म्हणून लिहीत असते.

हीना


भोर
रविवार, २५ ऑगस्ट

प्रिय भाई,

मागचं पत्र मी रागात संपवलं. हे शांतपणे लिहिते आहे.

सातव्या अंकाचं परीक्षण मी लिहिलं आणि सोबत कळवलं, की चित्रकार माझा सख्खा भाऊ आहे. आनंदरावांनी ते परत पाठवलं. 'भावाची स्तुती असो की निंदा, आम्हाला छापता येणार नाही. आपण आधी सांगितलंत हे बरं केलंत.' त्यांचं बरोबर आहे. त्यांनी दुसऱ्या कुणाकडून लिहवून घेतलं, ते छापूनही आलं. त्यात लिहिलं आहे, 'हाळकरीण ही संपूर्णपणे लेखकाच्या कल्पनेची निर्मिती आहे.' अंक पाठवते आहे, तुला आवडेल.

माझ्या परीक्षणाला आता एकच वाचक उरला. तो वाचतो की नाही हे मला माहीत नाही. तरी देते.

'सातवा अंक हा कवडसाचा सर्वांत सुंदर रेखाटलेला अंक आहे. धुकं दाखवायला चित्रकाराने रंग वापरलेला नाही, त्याने कागद कोरा सोडला आहे. पानापानाला हा कोरा भाग वाढत जातो आणि अखेरीस चौकटींच्या रेषाही पुसतात. धुक्यात हरवलेल्या माणसालाच हे असं सुचेल. दोष कथेत आहे. हाळी देणाऱ्या बाईला काय हवं आहे, हे कथा विचारतच नाही. रोज संध्याकाळी ती त्या कातळावर कशासाठी येते? भुतालाही काहीतरी हवं असावं लागतं, नाहीतर उरतो तो नुसता आवाज. तिला चेहरा दिला असता तर लेखकाला हा प्रश्न टाळता आला नसता. त्याला चेहरे काढता येत नाहीत असंही नाही, कारण त्याच्या बकऱ्यांत एकीचं तोंड दुसरीसारखं नाही. एवढ्या एका बाईचा चेहरा त्याने का टाळला, हे बहुधा त्यालाच माहीत असेल. शेवट सांगत नाही.'

यातली चेहऱ्याबद्दलची गोष्ट मी आता बदलेन. ती अब्बांमुळे कळली.

काल मी त्यांना सगळा अंक वाचून दाखवला. पहिल्या पानापासून, एकेक फुगा. भागूबाई पडल्या ते त्यांना ठाऊक होतं, दवाखान्यात तेच बसून होते. पोरं ओ का देत नव्हती, ते कुणी त्यांना सांगितलं नव्हतं. मध्ये मध्ये ते बोट ठेवून विचारायचे, "हितं काय लिवलंय?" हाळकरणीच्या पानावर आले तेव्हा त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"भूत केलं तिला?"

"हो."

"आन म्या घरोघर सांगत सुटलो, ही भागूबाई हाय म्हणून."

अम्मी आतून म्हणाली, "पोराला शरम कशी न्हाई वाटली. तिनंच तर धुक्यातनं आणलं हुतं त्याला."

अब्बांनी ते पान जवळ ओढलं. मग म्हणाले, "त्या दिशी लई भ्यालं आसंल त्ये. धुक्यात समद्या अंगानं आवाज येतो. कुठनं येतो त्ये लहान पोराला काय कळायचं?"

भाई, हे माझ्या कधी मनातच आलं नव्हतं. ती गोष्ट मी नेहमी अब्बांच्या बाजूने ऐकली, सापडल्याची गोष्ट म्हणून. तू ती हरवल्याची गोष्ट म्हणून जगलास. तुला ती हाळी कशी ऐकू आली होती, हे आपल्या घरात कुणी तुला विचारलं नाही. मीही नाही.

म्हणून आता ती ओळही मागत नाही. तुला लिहावंसं वाटलं तर लिही.

भागूबाई घरी आल्या आहेत. धुकं अजून महिनाभर राहील. पोरं तशीच गुपचूप येतात. सखूबाई रोज म्हणते, "आज आली बाई समदी." एखाद्या दिवशी ती तसं म्हणू शकणार नाही, याची मला भीती वाटते.

हीना


भोर
रविवार, १५ सप्टेंबर

प्रिय भाई,

सोमवारी एसटीत माझ्या शेजारी अब्बा होते. टेम्पो नाही, पिशवीत एक जादा सदरा. मी विचारलं, तर म्हणाले, "तिकीट काढ."

पांढरमाळला भागूबाई दारात बाजेवर होत्या. त्यांनी लांबूनच हाक दिली. "नजीरभाऊ, बोकड न्हाई द्यायचा आवंदा."

"बोकडाला न्हाई आलो. पोरांसंगं शेळ्या वळायला आलोय."

"ह्या वयात?"

"पाय हायेत की अजून."

भागूबाईंनी आपल्या प्लास्टरकडे पाहिलं. "व्हय, तुजं हायेत."

अब्बा खरंच गेले. दिवसभर पोरांबरोबर रानात होते. संध्याकाळी धुकं आलं. भागूबाई गेनूला म्हणाल्या, "बाज उचल." गेनूने आणि मी ती कातळापर्यंत नेली. पडल्यापासून त्यांनी हाळी दिली नव्हती. डावा हात कानावर गेला. आवाज आधी फुटेना, मग आला, पण पूर्वीच्या निम्मासुद्धा नव्हता. आम्ही थांबलो. काही नाही. त्यांनी पुन्हा दिली.

खालून, पार ओढ्याकडून, अब्बांचा आवाज आला. "ओ, भागूबाई. नजीर हाय हितं, वढ्याच्या अंगाला."

सखूबाई तोंडाला पदर लावून हसायला लागली. साठीचा माणूस पोरासारखा ओ देतोय म्हणून. भागूबाई हसल्या नाहीत. त्यांनी आणखी एकदा हाळी दिली, आणि आणखी एकदा ओ आली, जवळून. असं करत करत अब्बा धुक्यातून वर आले, दाढीतून पाणी निथळत होतं, खांद्यावर एक लंगडं करडू.

पोरं आधीच धावत येऊन माझ्यामागे लपली होती. चाचांनी ओ दिली, आता त्यांचा धूर होणार, म्हणून पळाली होती म्हणे. प्रांजल पुढे झाली आणि तिने अब्बांच्या दंडाला चिमटा काढला.

"चाचा, तुमचा धूर न्हाई झाला?"

"इडी वढली की व्हतो थोडा. नाकातनं."

अब्बा शनिवारपर्यंत राहिले. गेनूच्या पडवीत झोपले, रोज रानात गेले, रोज त्यांनी ओ दिली. एकदाही कुणा पोराला 'तू दे' म्हणाले नाहीत. दुसऱ्या दिवशी पोरं पळाली नाहीत, नुसती त्यांच्याकडे बघत उभी राहिली. पुढे एका संध्याकाळी हाळी आली तेव्हा अब्बा मुद्दामच बिडी पेटवत बसले. पोरांनी वाट पाहिली. भागूबाईंनी परत हाळी दिली. तेव्हा प्रांजलच ओरडली, "ओ, आजी. चाचा इडी वढत्यात. आमी हितं हाय."

वर कातळावर मी भागूबाईंच्या शेजारी होते. त्या पुटपुटल्या, "पिरांजल. टेकाडाच्या मागं." आणि पुढच्या पोरासाठी परत हात कानावर नेला.

सगळं नीट झालं असं लिहिणार नाही. वस्तीतल्या कुंडलिकचा मुलगा अजून धुकं पडायच्या आत घरी येतो, ओ देत नाही. भागूबाईंचा आवाज आता ओढ्यापलीकडे पोचत नाही. पुढच्या पावसाळ्यात सखूबाईला कातळावर उभं राहावं लागेल, आणि ती लाजते.

मी सदर सोडलेलं नाही. या वेळी गठ्ठ्यात तीन कादंबऱ्या आहेत, एकीत पुन्हा भांडी घासणारी बाई आहे. तुझं पत्र आलेलं नाही हे अब्बांना ठाऊक आहे. पोस्टमन गल्लीत शिरला की ते बाहेर येऊन उभे राहतात आणि तो पुढे गेला की आत जातात.

काल रात्री जेवताना त्यांचा आवाज पार बसलेला होता. खुणेनेच पाणी मागितलं. मग घोगऱ्या आवाजात विचारलं, "त्याचा पुढला अंक कवा येतोय?"

"पुढच्या महिन्यात."

"स्टँडवाल्याला सांगून ठिवलंय. समदे माझ्यासाठी बाजूला काढ म्हणून."

अम्मीने कपाळाला हात लावला. मी काही बोलणार, इतक्यात त्यांनी मला थांबवलं.

"या बारीला आधी तू वाचायचं," ते म्हणाले. "मंग मी वाटतो."

तुझी बहीण,
हीना